समुद्रतळाचे छायाचित्रकार लुई बूतां

खडकाच्या कपारींतून डोकें बाहेर काढून पाहणारी वाम अथवा प्रवाळांतून विहरणारे मासे यांचीं छायाचित्रें आज आपण घरबसल्या पाहतों. परंतु समुद्राच्या पोटांतील हा देखावा पाण्याबाहेर आणण्यासाठीं आरंभीं केवढे कष्ट पडले, याची कल्पना फार थोड्यांस असते. ते कष्ट ज्यांनीं सोसले, त्या लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

बूतां यांचा जन्म १८५९ सालीं व्हर्साय येथें झाला. पुढें भूमध्य समुद्राच्या कांठीं बान्यूल-सुर-मेर या गांवच्या आरागो प्रयोगशाळेंत ते शिंपल्या-गोगलगाईंच्या वर्गांतील प्राण्यांचा अभ्यास करूं लागले. जाळ्यांत सांपडलेला प्राणी आपल्या घरीं कसा वागतो, हें जाळें सांगत नाहीं. म्हणून ते पाणबुड्याचा जड पोशाख चढवून स्वतः तळाशीं उतरूं लागले. नावेवरील पंपांतून नळीवाटे येणारी हवा हाच तेथें त्यांच्या प्राणांचा आधार होता. तेथील शोभा पाहून ते थक्क झाले. पण आपण एकट्यानेंच ती पाहावी, हें त्यांच्या मनास पटेना.

१८९३ सालीं त्यांचे बंधु ऑग्युस्त यांनीं कॅमेऱ्यासाठीं पाणी न शिरणारी पेटी योजिली. पाण्याच्या दाबानें ती बिघडूं नये म्हणून तिला हवेनें भरलेला रबरी फुगा जोडला होता. परंतु तळाशीं उजेड अपुरा. एकेका चित्रास कधीं कधीं अर्धा तास लागे. तितका वेळ खडक स्थिर राही, मासा कसा राहणार? तेव्हां कृत्रिम प्रकाश हवा होता. त्यांनीं प्राणवायूनें भरलेल्या कांचेच्या गोळ्यांत मॅग्नेशियम जाळून पाहिलें; पण तो गोळा फुटण्याचें भय असे. मग सुमारे २०० लिटरच्या पिंपावर कांचेच्या घंटेखालीं स्पिरिटचा दिवा ठेवून, रबरी फुग्यानें त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ति निघाली. पुढें १८९९ सालीं विजेचे दिवे व दुरून चालणारा कॅमेरा खालीं सोडून ५० मीटर खोलीवरही चित्र घेतां आलें. हा सर्व अनुभव त्यांनीं १९०० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. नंतर मोत्यांच्या उत्पत्तीचाही त्यांनीं अभ्यास केला. १९३४ सालीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, त्यांचीं पहिलीं चित्रें आजच्या मानानें अंधुक दिसतील. परंतु ज्यांस समुद्रांत उतरणें कधींच शक्य नव्हतें, त्यांच्याही डोळ्यांपुढें तीं समुद्राचा तळ ठेवूं शकलीं. आपणांस लाभलेलें ज्ञान दुसऱ्याच्या हातीं पोंचेपर्यंत श्रम करीत राहावें, हाच धडा या चरित्रांतून आम्हांस घ्यावासा वाटतो.