एकच पंगत : कर्मवीर भाऊराव पाटील

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे छोटे चरित्र द्यावे, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव आले ते कर्मवीर भाऊराव पाटलांचे. आपली शाळा त्यांच्या संस्थेची नव्हती. तरीही ज्या बाकांवर आपण निरनिराळ्या घरांतली, जातींची आणि धर्मांची मुले शेजारी शेजारी बसलो, ते बाक आपल्या आधीच्या पिढ्यांत कुणीतरी मांडून ठेवले होते. त्या मांडणाऱ्यांत भाऊरावांचा वाटा फार मोठा आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीचे पाणी घेऊ देत नाहीत हे पाहून लहानग्या भाऊने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या बालपणीची आठवण सांगतात.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये शिकायचे आणि जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून अंघोळ करावी, असा बोर्डिंगचा आग्रह होता. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर त्यांना आसरा मिळाला तो शाहू महाराजांकडे.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र ते मॅट्रिकही झाले नाहीत. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगच्या कारभाराशी संबंधित गृहस्थ. तरी भाऊरावांनी खोटे बोलण्यास नकार दिला आणि तुरुंगवास सोसला. नंतर त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. त्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना त्यांना शाळेबाहेर राहिलेली मुले दिसत गेली. सत्यशोधक विचारांची ओढ होतीच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

१९२४ मध्ये काम साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराजांविषयी भाऊरावांना अपार आदर होता, पण जातवार वसतिगृहांचा मार्ग त्यांनी उचलला नाही. त्या मार्गाने मुले शिकली, हे खरेच. मात्र शेजारच्या समाजाचा मुलगा शेजारच्या इमारतीतच राहिला. भाऊरावांच्या वसतिगृहात अस्पृश्य मानलेल्या जातींची, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली राहू लागली. जेवायची पंगत एकच. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट या कामांच्या पाळ्या लावलेल्या. आज ज्याने वाढले, तो उद्या पानावर बसणार, त्यामुळे कोण कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न उरतच नसे. समतेवरचे व्याख्यान एकदा ऐकून विसरता येते. पंगतीला मात्र रोज दोन वेळा बसावे लागते. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

हे सोपे नव्हते. सर्वांत मोठी किंमत घरातूनच मोजली गेली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. सगळ्या जातींची मुले आपल्या चुलीपाशी येणार, हे त्यांना सुरुवातीला जड गेले असणार. पण त्याच पुढे सगळ्या मुलांच्या वहिनी झाल्या. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी एक एक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्था मोठी झालेली त्यांना पाहता आली नाही.

भाऊरावांनी मुलांना फुकटचे खाण्याची सवय लावली नाही. शेतात राबा, खडी फोडा, पण शिका, ही कमवा आणि शिका योजना त्यांनी रुजवली. त्यातही समतेचा धडा होताच. गरीब मुलगा कुणाच्या उपकाराखाली राहत नसे आणि बऱ्या घरातल्या मुलाला कुदळ धरण्याची लाज वाटत नसे. १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, असा संस्थेचा विस्तार होत गेला. १९४८ मध्ये सरकारने अनुदान बंद केले तेव्हा गाडगेबाबांसारखी माणसे पाठीशी उभी राहिली. १९५९ मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान मिळाले. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णांनी देह ठेवला. मॅट्रिक न झालेल्या या माणसाने लावलेले रोप वडासारखे पसरले होते, आणि वटवृक्ष हेच संस्थेचे बोधचिन्ह आहे.

मित्रहो आणि गुरुजनहो, भाऊरावांच्या चरित्रातून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. दार उघडे ठेवणे वेगळे आणि आत आलेल्याला पंगतीत बसवणे वेगळे. पहिली गोष्ट नियमाने होते. दुसरीसाठी कुणाला तरी आपली सवय, आपला पैसा आणि कधी कधी आपला दागिना मोडावा लागतो. शाळेत हे काम शिक्षकांच्या हाती असते. कोणाला कोणाशेजारी बसवायचे, फळा कोणी पुसायचा, सहलीचे पैसे न भरू शकणाऱ्याला कसे न्यायचे, अशा लहान लहान निर्णयांतून ते होत असते.

आता आपल्या मेळाव्याविषयी थोडेसे. अशा मेळाव्यांची यादी बहुधा दहावीच्या हजेरीपटावरून तयार होते. पण आपल्याबरोबर पाचवीला बसलेली, आणि सातवी-आठवीत कामाला लागलेली किंवा लग्न होऊन गेलेली मुले-मुली त्या पटावर नसतात. त्यांच्याकडे गटाचा क्रमांक नसतो, आणि आपल्याला बोलावतील असे त्यांना वाटतही नसते. पुढच्या मेळाव्याच्या आधी प्रत्येकाने असे एक तरी नाव आठवावे, पत्ता शोधावा आणि स्वतः जाऊन बोलावून आणावे. घंटा वाजवणारे, पाणी भरणारे शाळेचे कर्मचारीही त्या यादीत असावेत. आणि जेवणाच्या वेळी पाहुण्यांचे टेबल निराळे न मांडता सगळ्यांनी एकाच पंगतीत बसावे. अण्णांचे स्मरण करायचे तर ते असे करावे, असे मला वाटते.