घोड्यावरून पडलेला रुग्ण

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आंद्रेआस व्हेसालियसच्या चरित्रात रमलो. जन्म १५१४, ब्रुसेल्सचा. मानवी देहरचनेवरचा त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ १५४३ साली निघाला तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा! पुढे सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजवैद्य झाला.

मला मात्र त्याचा एक रुग्ण विसरवत नाही. घोड्यावरून पडलेल्या या गृहस्थाच्या पाठीत ठोके देणारी गाठ आली होती. महाधमनी दुखावून फुगल्याचे व्हेसालियसने तो जिवंत असतानाच ओळखले; १५५७ मध्ये शवविच्छेदनाने ते खरे ठरले. निदान अचूक, पण उपाय काहीच हाती नव्हता.

आज मोटार-अपघातांत हीच धमनी फाटते. बहुतेक जण जागीच दगावतात. वाचलेल्यांत रक्त थोपवून धरतो तो बाहेरचा पातळ पापुद्रा. म्हणून डॉक्टर लगेच कापाकापी करत नाहीत. शिरेतून औषध देऊन नाडी शंभराखाली, वरचा रक्तदाब १२० च्या आत आणतात, म्हणजे पापुद्र्यावरचे धक्के सौम्य होतात. मेंदूला मार असेल तर दाब फार उतरवता येत नाही, ही खरी कसोटी. दुसरीकडचा रक्तस्राव आधी थांबवतात. मग, कधी दुसऱ्या दिवशीही, जांघेतून नळी घालून धमनीला आतून अस्तर बसवतात.

व्हेसालियस १५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना झाकिंथोस बेटावर वारला. पन्नाशीही गाठली नव्हती.