आधी माणसे, मग ट्रक

पिंपरी-चिंचवडमध्ये मंदी वर्तमानपत्राच्या आधी घरात पोचते. ओव्हरटाइम बंद होतो, तात्पुरत्या कामगारांना ब्रेक मिळतो आणि थोड्याच दिवसांत भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचे हप्ते थकू लागतात. बँकेच्या नोकरीत असताना ही साखळी मी खातेवह्यांतून वाचत असे. अशा वेळी हमखास आठवत ते सुमंत मुळगावकर.

१९०६ साली जन्मलेले मुळगावकर लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून इंजिनिअर होऊन आले. सिमेंटच्या धंद्यात नाव कमावल्यावर १९४९ मध्ये ते टेल्कोत दाखल झाले. १९५४ मध्ये डेमलर-बेन्झशी १५ वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार संपल्यावर आपल्या पायावर उभे राहायचे, तर कसबी माणसे घरचीच हवीत, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

पुण्याच्या कारखान्याची सुरुवात १९६६ मधली. साल कसले होते पाहा! दुष्काळ, जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन, पाठोपाठ इंजिनिअरिंग धंद्यात मंदी. तरीही मुळगावकरांनी ट्रकची घाई केली नाही. पिंपरीच्या माळावर आधी तरुणांना शिकवण्याची सोय झाली, यंत्रे आणि साचे घडवणारे विभाग उभे राहिले. खडकाळ जमिनीत झाडे लागली, तळे झाले. इथून पहिला ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडले. इतकी वर्षे पैसा अडकवून ठेवणारे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर माझाही हात सहीसाठी अडखळला असता.

१९८९ मध्ये मुळगावकर गेले. १९९४ मध्ये आलेल्या सुमो गाडीत त्यांच्या नावाची आद्याक्षरे राहिली. पण मंदी कोणाच्या नावाला भीत नाही. २०००-०१ मध्ये टेल्कोलाच सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. २००८ च्या अखेरीस आणि २०१९ मध्ये या पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांनी काही काही दिवस उत्पादन बंद ठेवले. नोकरी गेली तरी ज्याच्या हातात पुरते कसब होते, तो एखादे लेथ मशीन घेऊन स्वतःचे शेड टाकू शकला. अशी माणसे चिंचवड-भोसरीत कितीतरी भेटतील.

चाकणला कंत्राटावर राबणारा पोरगा मंदीत सर्वांत आधी घरी बसतो. सहा महिने एकच बोल्ट आवळून तो गावी काय घेऊन जाणार? पडत्या काळात प्रत्येक नोकरी वाचवणे मालकाच्या हाती नसेलही. पण नोकरी आहे तोवर त्या पोराला एक काम पुरते शिकवणे नक्कीच त्याच्या हाती असते.