किरकोळ देहयष्टीचे पदकवीर : खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते कुस्तीगीर खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथे झाला. वडील मल्ल असल्याने तालमीचे संस्कार घरातच लाभले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात मात्र किरकोळ देहयष्टीमुळे त्यांना स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. प्राचार्यांच्या अनुमतीने ते आखाड्यात उतरले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो वजनगटात त्यांना सहावे स्थान मिळाले. चार वर्षांच्या अखंड मेहनतीनंतर त्यांनी लगतच्या वरच्या, ५७ किलो गटात १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. सडपातळ शरीरही संयमाने, सरावाने बलवान होते, याचा त्यांचे जीवन वस्तुपाठ आहे.