गोविंद नारायण माडगावकर : एका रहिवाशाचे नगरदर्शन

१

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील मराठी गद्याचा विचार करताना वाङ्मयेतिहासकारांची दृष्टी प्रथम कोश, व्याकरणे, शालोपयोगी भाषांतरे आणि नियतकालिके यांकडे जाते. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, ‘दर्पण’ १८३२ मध्ये सुरू झाले, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. गद्य घडविण्याचा हा उद्योग बव्हंशी मुंबई शहरात झाला. तथापि ज्या शहरात हे घडत होते त्या शहराकडेच मराठी लेखकाने वर्ण्यविषय म्हणून पाहावे, ही गोष्ट घडण्यास बराच अवधी लागला. ती घडवून आणली गोविंद नारायण माडगावकर यांनी. त्यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या आधुनिक शहराचे, त्याच शहरात वाढलेल्या रहिवाशाने, मराठीत केलेले हे पहिले सविस्तर वर्णन होय.

माडगावकरांचे चरित्र घटनाबहुल नाही. त्यांनी राज्यकारभार केला नाही, पक्ष काढला नाही, सामाजिक बंडही केले नाही. ते शाळेत शिकवीत व पुस्तके लिहीत. त्यामुळे त्यांचे चरित्र सांगावयाचे म्हणजे बऱ्याच अंशी त्यांनी काय पाहिले आणि पाहिलेले कोणत्या दृष्टीने नोंदविले हे सांगावयाचे.

२

माडगावकरांचा जन्म १८१५ मध्ये गोव्यात, सारस्वत कुटुंबात झाला. गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालय त्याआधी तीनच वर्षे, १८१२ मध्ये, कायमचे बंद झाले होते. पोर्तुगीज अमलाखालील हिंदू घराण्यांतील कर्त्या पुरुषांनी व्यापारासाठी वा नोकरीसाठी मुंबईची वाट धरावी, ही प्रथा मात्र बरीच जुनी होती. वाळकेश्वराचे देऊळ आणि बाणगंगेचे तळे यांचा १७१५ च्या सुमारास जीर्णोद्धार करणारा रामा कामती हा अशाच सारस्वत व्यापाऱ्यांपैकी एक. पुढे आंग्ऱ्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनी सरकारने त्याला कैदेत टाकून त्याची मालमत्ता जप्त केली. ज्या कागदांवर हा खटला उभा होता ते बनावट होते, हे नंतर उघडकीस आले. मुंबईने सारस्वतांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय हिरावून घेतले, याचे हे ठळक उदाहरण आहे.

गोविंद नारायण लहान वयातच मुंबईस आले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. ही बाब त्यांच्या लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जन्मापासून एका ठिकाणी राहणाऱ्याला तेथील रस्ते, तळी, बाजार इतके अंगवळणी पडलेले असतात की ते त्याच्या नजरेस येत नाहीत. चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला ते दिसतात, परंतु त्यांचा अर्थ लागत नाही. बालपणी येऊन स्थायिक झालेल्या माणसाच्या ठिकाणी नवख्याचे कुतूहल व रहिवाशाची जाण या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. माडगावकरांच्या ठिकाणी त्या नांदल्या.

त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांच्या आणि १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतराने मुंबईतील समाज हादरून गेला होता. अशा काळात मिशनच्या शाळेत शिकविणाऱ्या हिंदू शिक्षकाचे स्थान अवघड असणार, हे उघड आहे. माडगावकर तेथे राहिले आणि आपल्या धर्मातही राहिले. मिशनऱ्यांकडून त्यांनी भूगोल, सृष्टिज्ञान व नीतिबोध यांची आवड घेतली. त्यांचा धर्म घेतला नाही. दोन जगांच्या सीमेवर शांतपणे उभे राहण्याची ही वृत्ती त्यांच्या ग्रंथातही दिसते. देवळे, मशिदी, अग्यारी आणि चर्च यांचा समावेश ते एकाच वर्णनात करतात.

३

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी चालविलेल्या सभेची मराठी शाखा, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, स्थापन झाली. लोकोपयोगी विषयांवर निबंध वाचणे व ते छापणे हा या सभेचा मुख्य उपक्रम होता. माडगावकरांच्या लेखनास याच वातावरणात चालना मिळाली. ‘शुचिर्भूतपणा’ (१८४९) आणि ‘ऋणनिषेधक बोध’ (१८५०) हे त्यांचे आरंभीचे निबंध. पुढे वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांची माहिती देणारे ‘उद्भिज्जन्य पदार्थ’ (१८५६) आणि संवादरूपाने लिहिलेले ‘व्यवहारोपयोगी नाटक’ (१८५९) ही पुस्तके आली.

वरवर पाहता या पुस्तकांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. स्वच्छता, कर्ज, वनस्पती आणि संभाषण हे विषय निरनिराळे आहेत. ‘मुंबईचे वर्णन’ वाचल्यानंतर मात्र ती सारी त्या एका ग्रंथाची पूर्वतयारी होती असे वाटू लागते. स्वच्छतेविषयी निबंध लिहिणाराच शहरातील तळी, विहिरी व गटारे बारकाईने पाहतो. कर्जाच्या दुष्परिणामांची चिंता करणाराच व्यापारी पेठेतील तेजीकडे हर्ष आणि भय अशा दुहेरी भावनेने बघतो. वनस्पतिजन्य पदार्थांची माहिती जमविणाऱ्याला बाजारात कोणती वस्तू कोठून येते हे सांगावेसे वाटते. आणि लोकांच्या बोलण्याकडे कान देणाऱ्याला एका रस्त्यावर ऐकू येणाऱ्या अनेक भाषांचे महत्त्व कळते.

४

ग्रंथलेखनाचा काळ मुंबईच्या इतिहासात विलक्षण होता. १८४९ च्या गणतीत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६६ हजार होती; १८६४ मध्ये ती सुमारे ८ लाख १६ हजार झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा २१ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६२ मध्ये गव्हर्नरपदावर आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा कोट पाडण्यास आरंभ झाला. म्हणजे माडगावकरांनी लेखणी उचलली तेव्हा त्यांच्या बालपणीची तटबंदीची मुंबई डोळ्यांदेखत नाहीशी होत होती आणि नवी मुंबई अद्याप पुरती उभी राहिली नव्हती.

याच संधिकालामुळे ग्रंथाला एक प्रकारची निकड प्राप्त झाली आहे. त्यात बेटाचा पूर्वेतिहास, पोर्तुगीज व इंग्रज अमल, जातीजमाती, देवस्थाने, जत्रा, बाजार, गोद्या, टांकसाळ, शाळा, इस्पितळे, छापखाने आणि आगगाडी इत्यादी विषय आले आहेत. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो रहिवाशाने आपल्या शहरातील पाहण्याजोग्या स्थळांविषयी व सोयीगैरसोयींविषयी दिलेला अभिप्राय.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. १८५४ मध्ये मुंबईत पाण्याचे तीव्र दुर्भिक्ष झाले. १८५६ मध्ये विहार तलावाचे काम हाती घेण्यात आले व १८६० मध्ये ते पुरे होऊन नळाचे पाणी शहरात आले. तोपर्यंत धर्मशील धनिकांनी बांधलेली तळी व विहिरी यांवरच नगरीची तहान भागत असे. त्या काळी बाहेरगावच्या माणसाला मुंबईत अन्नपाणी कोठे मिळेल, हा प्रश्न रुचीचा अथवा दामाचा असण्यापूर्वी जातीचा व सोवळ्याओवळ्याचा होता. स्वजातीयांचे घर, धर्मशाळा, देवळाचा परिसर अथवा ज्ञातीची खाणावळ यांपलीकडे त्याला फारसा आश्रय नसे. म्हणून कोणते तळे कोणी बांधले, कोणते देऊळ कोणत्या ज्ञातीचे आहे, कोणत्या मोहल्ल्यात कोण राहतात, ही माहिती त्या वाचकाला निव्वळ इतिहासाची वाटत नसावी. शहरात दिवस कसा काढावा याचे उत्तर तिच्यात होते. नळाच्या पाण्याने या व्यवस्थेला पहिला धक्का दिला, कारण नळ एकच आणि पाणीही सर्वांना तेच. अशा बदलाच्या तोंडावर लिहिलेला ग्रंथ म्हणूनही माडगावकरांच्या नोंदींना मोल आहे.

हवा खाण्याच्या जागांचेही असेच आहे. शिवडी येथील जुनी वनस्पतीबाग हलवून भायखळ्यास नवे उद्यान करण्यात आले आणि १८६२ च्या नोव्हेंबरात ते लोकांसाठी खुले झाले. हेच पुढे राणीचा बाग म्हणून प्रसिद्ध पावले. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखले जाते. वाळकेश्वर व महालक्ष्मी येथे लोक जात, परंतु तेथे जाण्याला यात्रेचे निमित्त लागे. केवळ चालण्यासाठी, झाडे पाहण्यासाठी, सर्व जातींच्या लोकांनी एकाच जागी जमावे, ही कल्पना त्या पिढीला नवी होती. देवदर्शन व विहार यांची ही फारकत माडगावकरांच्या हयातीत होत होती, आणि दोन्ही प्रकारच्या जागा माहीत असलेल्या पिढीचे ते लेखक होते.

५

भारतीय साहित्यांच्या तौलनिक पटावर हा ग्रंथ ठेवल्यास त्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. सय्यद अहमद खान यांचा ‘आसारुस्सनादीद’ (१८४७) दिल्लीच्या इमारतींचे वर्णन करतो. तेथे दृष्टी मुख्यत्वे गतवैभवाकडे आहे. मगनलाल वखतचंद यांचा ‘अमदावादनो इतिहास’ (१८५१) गुजराती नगरीची परंपरा सांगतो. कालीप्रसन्न सिंह यांचा ‘हुतोम प्याँचार नक्शा’ १८६२ मध्ये आला. त्यात कलकत्त्याच्या रस्त्यांवरील बोली आहे आणि धनिकांच्या ढोंगांवर बोचरा उपरोध आहे. पंधरासोळा वर्षांच्या अवधीत चार भाषांतील लेखकांना आपापले शहर लिहावेसे वाटले, ही गोष्ट योगायोगाची नाही. छापखाना, नवशिक्षित वाचक आणि झपाट्याने पालटणारी वस्ती ही कारणे थोड्याफार फरकाने सर्वत्र होती.

माडगावकरांजवळ सय्यद अहमद खानांची पुरातत्त्वदृष्टी नाही व सिंहांचा उपरोधही नाही. त्यांचा पिंड शिक्षकाचा आहे. ते मोजतात, वर्गीकरण करतात, समजावून सांगतात आणि शेवटी हिताचे चार शब्द बोलतात. या प्रकृतीचे दोषही ग्रंथात उतरले आहेत. इंग्रजी अमलाविषयीचा त्यांचा आदर पुष्कळदा चिकित्सेला वाव देत नाही. दारिद्र्य आणि व्यसन यांची कारणे ते बहुधा व्यक्तीच्या आचरणात शोधतात. गोदीत व गिरणीत राबणाऱ्यांच्या मजुरीत शोधीत नाहीत. परंतु त्यांचा सरळपणाच पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडला आहे. उपरोधकार जे वगळतो आणि पुरातत्त्वज्ञ ज्याला क्षुल्लक मानतो, ते दैनंदिन जीवन त्यांनी टिपून ठेवले.

दुसरी गोष्ट भाषेची. मुंबईविषयीची माहिती सरकारी अहवालांत होती, पण ती इंग्रजीत होती. वृद्धांच्या स्मरणातही होती, पण ती विखुरलेली होती. या दोहोंना मराठी गद्यात एकत्र आणताना माडगावकरांनी शहराच्या वर्णनासाठी एक शैली घडविली. तीत संस्कृत समास आहेत, बाजारातील फारसी शब्द आहेत आणि कारखान्यांतून आलेले इंग्रजी शब्दही आहेत. शहर जसे मिश्र तशी ही भाषाही मिश्र. गोव्यात जन्मलेल्या, म्हणजे कोंकणीच्या मुलुखातून आलेल्या, माणसाने ती घडवावी याला विशेष अर्थ आहे.

६

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर माडगावकरांना फार आयुष्य लाभले नाही. १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरांच्या सट्ट्यावर उभारलेल्या मुंबईतील पेढ्या धडाधड बुडाल्या. पंधरा वर्षांपूर्वी कर्जाच्या विषयी सावधगिरीचा बोध करणाऱ्या लेखकाच्या मृत्यूचे वर्ष आणि त्याच्या शहराच्या दिवाळखोरीचे वर्ष एकच ठरले.

त्यांनी घालून दिलेली वाट मात्र बुजली नाही. नारायण विष्णु जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये निघाले. आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ मध्ये. मूळ ग्रंथ पुढे दीर्घकाळ दुर्मिळ झाला. १९६१ मध्ये न. र. फाटक यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली आणि २००८ मध्ये मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी अनुवादाने तो मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

किल्ल्याचा कोट आज नाही. त्या काळच्या तळ्यांपैकी अनेक बुजविली गेली आणि धोबीतलाव, गवालिया टँक अशी त्यांची नावे तेवढी लोकांच्या तोंडी उरली. त्या नावांमागे खरोखर पाणी होते, त्याच्या काठी माणसे उतरत, भांडत, स्नानसंध्या करीत आणि पुढच्या वाटेला लागत, हे ज्यांच्या ग्रंथावरून कळते त्यांत माडगावकरांचे स्थान पहिले आहे. आपल्या गावात काय पाहण्याजोगे आहे, हे सांगण्याचे काम वाङ्मयात सामान्यतः गौण समजले जाते. ते काम एका शाळाशिक्षकाने मन लावून केले, म्हणून एका लुप्त नगरीचा पत्ता मराठी भाषेत शिल्लक राहिला.