परक्या देशांतील उपकारस्तुति
विल्यम ब्रॅडफर्ड ह्यांचें चरित्र

हंगाम घरीं आला म्हणजे आपल्या मंडळ्यांत उपकारस्तुतीची उपासना होते. कोणी जोंधळ्याचीं कणसें आणितो, कोणी भाजीपाला, कोणी कोंबडी. परंतु ज्या वर्षीं पीक बुडतें, किंवा घरांतील माणूस मातीआड होतें, त्या वर्षीं कित्येकांच्या मनांत प्रश्न उभा राहतो कीं, आज उपकार कशाचे मानावे? ज्यांच्या आयुष्यांत ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

विल्यम ब्रॅडफर्ड ह्यांचा बाप्तिस्मा इ. स. १५९० च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील ऑस्टरफील्ड ह्या खेड्यांत झाला. घराणें शेतकऱ्यांचें व खाऊनपिऊन सुखी होतें. पण मूल तान्हें असतांच बाप वारला, व सातव्या वर्षीं आईहि गेली. चुलत्यांनीं त्याला सांभाळिलें. प्रकृति नाजूक असल्यामुळें मुलाच्यानें शेतकाम होईना. म्हणून तो पवित्र शास्त्र वाचीत बसे. पुढें तो स्क्रूबी गांवीं विल्यम ब्रूस्टर ह्यांच्या घरीं जमणाऱ्या मंडळीस मिळाला. मंडळीचा कारभार राजाच्या हुकुमानें नव्हे, तर शास्त्राच्या आधारानें चालावा, असें ह्या लोकांचें मत होतें. ह्यावरून चुलते रागावले व शेजाऱ्यांनीं थट्टा मांडिली. हें वाचून आपल्या पुष्कळ बंधूंस स्वतःच्या घरची आठवण होईल.

राजाच्या अधिकाऱ्यांचा जाच वाढला, तेव्हां मंडळीनें हॉलंडास जाण्याचें ठरविलें. इ. स. १६०७ त पहिला प्रयत्न फसला. जहाजाच्या कप्तानानेंच दगा दिला व ब्रॅडफर्ड कांहीं काळ कैदेंत पडले. पुढल्या वर्षीं ते हॉलंडांत पोहोंचले, आणि लायडन शहरीं विणकाम करून पोट भरूं लागले. पाळक जॉन रॉबिन्सन ह्यांच्या हाताखालीं मंडळी तेथें सुमारें अकरा वर्षें राहिली. उपासनेची मोकळीक होती. परंतु कष्टानें माणसें अकालीं म्हातारीं होत आणि मुलें परक्या चालीरीतींकडे ओढलीं जात. म्हणून त्यांतील कांहींजणांनीं अमेरिकेस जाण्याचें मनांत आणिलें.

इ. स. १६२० च्या सप्टेंबरांत मेफ्लॉवर नांवाचें जहाज १०२ उतारू घेऊन इंग्लंडांतील प्लिमथ बंदरांतून निघालें. ब्रॅडफर्ड व त्यांची पत्नी डॉरथी ह्यांनीं आपला लहान मुलगा मागें ठेविला होता. दोन महिन्यांहून अधिक काळ वादळवारा सोसून किनारा आला, तेव्हां त्या लोकांनीं गुडघे टेकून देवाचे आभार मानिले. पुढें हिंवाळा उभा होता. ना घर, ना धर्मशाळा, ना ओळखीचें माणूस. वसतीची जागा शोधावयास ब्रॅडफर्ड होडींतून गेले असतां डॉरथीबाई जहाजावरून पाण्यांत पडून मरण पावल्या. पुढें त्यांनीं ह्या वसाहतीचा मोठा इतिहास लिहिला. त्यांत पत्नीच्या मरणाचा उल्लेख यादींतील एका ओळीपुरताच आहे. कांहीं दुःखें अशीं असतात कीं तीं देवापुढेंच उघडीं करितां येतात.

वसंत येईपर्यंत निम्मीं माणसें मेलीं. एका वेळीं तर सहासातजणच धडधाकट होते. तेच लांकडें फोडीत, अन्न शिजवीत व आजाऱ्यांचे मळलेले कपडे धूत. ब्रॅडफर्डहि अंथरुणास खिळले होते. एप्रिलांत सुभेदार जॉन कार्व्हर वारले आणि एकतीस वर्षांच्या ब्रॅडफर्डांवर वसाहतीचा भार पडला.

अशा वेळीं देवानें साह्य पाठविलें तें कोणाच्या हातून? टिस्क्वांटम नांवाच्या एका तद्देशीय माणसाच्या हातून. इ. स. १६१४ त एका इंग्रज कप्तानानें त्याला फसवून पळविलें व स्पेनांत विकावयास नेलें होतें. तेथून तो इंग्लंडास गेला, आणि इ. स. १६१९ त मायदेशीं परतला, तों रोगाच्या सांथीनें त्याचें सारें गांव ओस पडलेलें! त्याच गांवाच्या जागीं इंग्रजांनीं आपलीं घरें बांधिलीं. तरी त्यानें त्यांस मका कसा पेरावा, खतास मासे कसे घालावे, हें शिकविलें. त्या वर्षीं वाटाणा फुकट गेला, पण मका पिकला. शरदृतूंत सुमारें पन्नास वसाहतवाले आणि राजा मॅसासॉइट ह्याचे नव्वद लोक तीन दिवस एकत्र जेवले. पाहुण्यांनीं पांच हरणें मारून आणिलीं. पन्नास जेवावयास बसले, तेवढेच जण थडग्यांत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. किनाऱ्यास लागतांच भुकेच्या भयानें ह्या लोकांनीं तेथल्या रहिवाश्यांनीं पुरून ठेविलेला मका काढून नेला होता. पुढल्या वर्षीं त्यांनीं धन्यांस त्याची भरपाई करून दिली. देवाचे आभार मानणाऱ्यानें शेजाऱ्याचें देणें बुडवूं नये.

इ. स. १६२३ त ब्रॅडफर्डांनीं सामाईक शेती मोडून प्रत्येक कुटुंबास मक्यासाठीं वेगळी जमीन नेमून दिली. तेव्हां बायकामुलेंहि आनंदानें शेतांत गेलीं. पण मेच्या अखेरीपासून जुलईच्या मध्यापर्यंत पाऊस पडला नाहीं. प्रार्थनेचा एक दिवस नेमिला. दिवसभर आकाश कोरडें होतें. संध्याकाळीं ढग आले आणि हलका पाऊस पडूं लागला. पीक वांचलें, व मंडळीनें उपकारस्तुतीचा दिवस पाळिला.

ह्या सत्पुरुषाचा दोषहि आम्ही झांकून ठेवीत नाहीं. इ. स. १६३७ त इंग्रजांनीं पीक्वट लोकांचा किल्ला बायकामुलांसकट जाळिला, आणि ब्रॅडफर्डांनीं आपल्या इतिहासांत तो विजय देवाचें दान म्हणून नमूद केला. ज्यांनीं टिस्क्वांटमाच्या हातची भाकर खाल्ली त्यांनीं असें म्हणावें ह्याचें आम्हांस दुःख होतें. दुसऱ्याच्या आकांतावर जी स्तुति उभी राहते ती प्रभु येशूच्या पित्याची स्तुति नव्हे.

ब्रॅडफर्ड सुमारें तीस वेळां सुभेदार निवडले गेले. म्हातारपणीं ते इब्री भाषा शिकले, आणि इ. स. १६५७ त निवर्तले. त्यांच्यासारख्या मंडळ्यांचा वारसा सांगणाऱ्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील मंडळ्यांच्या पुढाकारानें इ. स. १८१० त मिशन स्थापन झालें, व त्याचे पहिले मिशनरी इ. स. १८१३ त मुंबईस उतरले. असा त्या परक्या किनाऱ्याशीं आपला संबंध आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, कोठार भरल्यावर आभार मानणें सोपें आहे. कोठार रिकामें असतां जो एक ओंजळ मका पाहून देवाचें नांव घेतो, आणि तो मका कोणाच्या हातून आला हें विसरत नाहीं, त्याची उपकारस्तुति खरी. ह्या हंगामांत कणसें आणितांना आपण आपल्या टिस्क्वांटमाची आठवण करावी. तो कदाचित् आपल्या मंडळीचा नसेल, गांवाच्या दुसऱ्या वस्तींत राहत असेल; पण देवानें त्याच्याच हातून आपणांस वांचविलें असेल.