लेकराला कुणाकडे ठेवलं?

आमच्या जालन्यातल्या भिशीच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची लेक जर्मनीत नोकरी करते. परवा तिच्याकडून फोटो आले. पाच मैत्रिणी, पाच सायकली आणि मागे निळाशार समुद्र. जिनिव्हाच्या तळ्याकाठून निघायचं आणि आल्प्सचे एकामागून एक घाट ओलांडत फ्रान्समधल्या नीसला समुद्राशी पोचायचं, अशी त्यांची सहल. सातशे किलोमीटरच्या आसपास. वाटेतला इझराँचा घाट सुमारे 2,760 मीटर उंच. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्या दीडपटीहून वर, आणि तेही पायडल मारत! आम्ही चौघी-पाचजणी कधीमधी रविवारी राजूरच्या गणपतीला सायकलवर जाऊन येतो आणि सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरून उतरतो. त्यामुळे आम्हाला त्या फोटोचं अप्रूप जरा जास्तच.

फोटो हातोहात फिरला. चहा झाला, कौतुक झालं. मग मैत्रिणीच्या सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट न्याहाळला आणि एवढंच विचारलं, की लेकराला कुणाकडे ठेवलं?

लेकरू तीन वर्षांचं. बापाजवळ होतं, मजेत होतं. पण खोलीत क्षणभर सगळ्या गप्प झाल्या ते झाल्याच. आजींना दोष देत नाही हं मी. हा प्रश्न आपण सगळ्याच विचारतो. दुसरीला मोठ्याने आणि स्वतःला मनातल्या मनात. घरी येताना माझ्या डोक्यात मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी सायकल घेऊन आल्प्समध्ये हिंडणारी एक बाई घोळत राहिली. तिलाही हा प्रश्न जन्मभर चुकला नसणार.

फॅनी बुलक वर्कमन तिचं नाव. गिर्यारोहणाच्या इतिहासात ते ठळक अक्षरांत आहे, आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. 8 जानेवारी 1859 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर गावी ती जन्मली. वडील अलेक्झांडर बुलक पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. म्हणजे घर गडगंज. न्यूयॉर्कच्या शाळेत शिक्षण, मग पॅरिस आणि ड्रेस्डेनला जाऊन फ्रेंच-जर्मन शिकणं, मोठ्या घरच्या मुलींचं तेव्हा जे काही होत असे ते सगळं झालं. 1882 मध्ये लग्न झालं डॉक्टर विल्यम वर्कमनशी. तो तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. त्यानेच तिला डोंगर दाखवले. न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्सवर दोघं चढायला जात. तिथल्या डोंगरभटक्यांच्या मंडळांत बायकांना मज्जाव नव्हता, हे तिचं नशीब. लंडनच्या अल्पाइन क्लबने बायकांना दार उघडलं ते 1970 च्या दशकात!

1884 मध्ये मुलगी झाली, रेचेल. काही वर्षांनी विल्यमची तब्येत बिघडली म्हणून त्याने दवाखाना बंद केला आणि 1889 मध्ये सगळं कुटुंब जर्मनीत ड्रेस्डेनला राहायला गेलं. दोघांच्याही वडिलांनी मागे भरपूर ठेवलं होतं, तेव्हा पोटापाण्याची चिंता नव्हती. (हे आधीच सांगून टाकते. फॅनीसारखं जगायला हिंमत लागते हे खरंच, पण वडिलांची इस्टेटही लागते. मुलं सांभाळायला दाई होत्या, स्वयंपाकाला माणसं होती.) ड्रेस्डेनला मुलगा झाला. दोघांना वाग्नरच्या संगीताचं वेड, म्हणून त्याच्या ऑपेरातल्या नायकाचं नाव ठेवलं, सीगफ्रीड.

युरोपात आल्यावर फॅनीच्या हाती आल्प्स लागला. मों ब्लां, युंगफ्राऊ, मॅटरहॉर्न ही शिखरं ती चढली. मों ब्लां तर 1891 मध्ये, जेव्हा तिथे गेलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आणि त्याच सुमारास आली सायकल. हवा भरलेल्या टायरची, दोन सारख्या चाकांची, आज आपण चालवतो तशीच साधारण. फक्त तिला गिअर नव्हते. त्या सायकलींवर नवरा-बायकोने स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इटली पालथे घातले. आल्प्सच्या रस्त्यांना तेव्हा डांबर कुठलं? खडी आणि धूळ. अंगात लांब स्कर्ट, तो साखळीत अडकणार नाही याची काळजी घेत घाट चढायचा. आणि उतारावर तर विचारूच नका, त्या काळचे ब्रेक ते!

1893 मध्ये सीगफ्रीड गेला. फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया. शाळेचं तोंड पाहण्याआधीच तो मुलगा गेला.

इथे माझ्यासारख्या बाईला वाटतं, की आता ही घरात बसेल. उरलेल्या लेकीला कुशीत घेईल, सायकल माळ्यावर जाईल. फॅनीने उलट केलं. नऊ वर्षांच्या रेचेलची सोय आधी दाईंकडे आणि मग इंग्लंडच्या बोर्डिंगात झाली, आणि आई-बाप सायकली घेऊन युरोपच्या बाहेर पडले. आधी अल्जीरिया, ॲटलास पर्वत ओलांडून सहाराच्या तोंडापर्यंत. मग 1895 मध्ये स्पेन, 2,800 मैल. एखाद्या दिवशी तर 80 मैलांची मजल. दोन्ही प्रवासांवर दोघांनी मिळून पुस्तकं लिहिली, आणि जिथे गेली तिथे बायकांना कसं वागवतात ते फॅनी लिहीत राहिली.

हे दुःखापासून पळणं होतं का? असेलही. तिचे चरित्रकार यावर बरंच लिहितात. मला एवढंच वाटतं, की आपल्याकडे लेकरू गेलेली बाई देवळात जाऊन बसली, उपासतापास करू लागली, तर कुणी तिला पळाली म्हणत नाही. तिच्या वाटा वेगळ्या, इतकंच. पण रेचेलच्या बाजूने पाहिलं की घशात काहीतरी अडकतं. भाऊ गेला आणि पाठोपाठ आई-बापही दूर. या मुलीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

1897 च्या अखेरीस ही जोडी आपल्या बाजूला आली. आधी श्रीलंका, मग भारताच्या दक्षिण टोकापासून थेट हिमालयापर्यंत, सुमारे 4,000 मैल सायकलवर. सोबत ब्रह्मदेश आणि जावा धरून सगळा प्रवास अडीच वर्षांचा आणि 14,000 मैलांचा झाला. सामान काय, तर चहा, साखर, बिस्किटं, चीज, डब्यातलं मांस, पाणी, एकेक ब्लँकेट, उशी, औषधं, पंक्चरचं सामान आणि लिहायचे कागद. डाक बंगला मिळाला तर ठीक, नाहीतर स्टेशनातल्या वेटिंग रूममध्ये मुक्काम. डास, उंदीर, कधी दिवसभर खायला नाही. आणि एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर! आपल्याकडच्या बाभळीचा काटा ज्याने टायरमधून उपसलाय त्याला हा आकडा खोटा वाटणार नाही.

कसला काळ होता तो, बघा. मुंबई-पुण्यात प्लेग. मार्च 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आपलं जालना निजामाच्या राज्यात, मनमाडकडून येणारी रेल्वे अजून गावाला लागायची होती. जालन्यातल्या आपल्या पणज्या सासरहून माहेरी जायच्या त्या बैलगाडीतून, पडदा लावून. आणि याच देशातून एक चाळिशीला टेकलेली बाई डोक्यावर सोला टोपी घालून सायकल हाणत चालली होती. लोकांनी काय म्हटलं असेल ते आपण म्हणू शकतो!

एक तुलना मनातून जात नाही. पंडिता रमाबाई 1858 च्या, फॅनी 1859 ची. म्हणजे बरोबरीच्याच. रमाबाईंनीही हा देश पायाखाली घातला, लहानपणापासून. पण तो अनवाणी, आई-बापांमागून, पुराणं सांगत, पोटासाठी. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेल्यावर भावाबरोबर हजारो मैल चालल्या. एकीने हौसेने जे केलं ते दुसरीने भुकेने केलं. फॅनीला या देशातली देवळं दिसली, शिल्पं दिसली, त्यावर तिने आणि विल्यमने जाडजूड पुस्तक लिहिलं. माणसं मात्र तिला फारशी दिसली नाहीत, असं तिचे टीकाकार म्हणतात आणि मला ते पटतं. इथली भाषा शिकावी असं तिला वाटलं नाही. हिमालयात हमालांशी ती फार ताठ्याने वागे. मोहिमा अडत, हमाल ओझी टाकून पळून जात, आणि दोष ती त्यांनाच देई. ज्या बाईला बायकांवरचा अन्याय दुरून दिसे, तिला पाठीवर ओझं घेऊन बर्फात अनवाणी पायाने किंवा गवताच्या चपलेने चालणारा माणूस जवळून दिसू नये?

असो. उन्हाळा टाळायला म्हणून 1898 मध्ये ती दोघं सायकली खाली ठेवून लडाखकडे गेली आणि तिथले डोंगर पाहून आल्प्स विसरली. पुढे चौदा वर्षं, 1912 पर्यंत, दोघं पुन्हापुन्हा हिमालयात आणि काराकोरममध्ये येत राहिली. आणि इथे त्या जोडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एका मोहिमेत एकाने सामानसुमान, हमाल, तंबू, पैसा हे सगळं सांभाळायचं आणि दुसऱ्याने मोजणी, नकाशे असं शास्त्राचं काम. पुढच्या खेपेला अदलाबदल. 1900 च्या आसपास हं! आमच्याकडे अजून गॅस सिलिंडरचा नंबर लावायचं काम कुणाचं यावर एकमत नाही.

1906 मध्ये लडाखच्या नुन-कुन डोंगरांत पिनॅकल पीक हे 6,930 मीटरचं शिखर तिने गाठलं. वय 47. त्या उंचीवर तोवर कुठलीच बाई गेली नव्हती आणि 1934 पर्यंत तो विक्रम कुणी मोडला नाही. दोन वर्षांनी ॲनी पेक नावाच्या दुसऱ्या अमेरिकन बाईने पेरूमधल्या वास्करानवर चढून आपण आणखी उंच गेल्याचं सांगितलं. फॅनीचा तिळपापड झाला. तिने 13,000 डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदार पेरूला धाडले आणि डोंगर पुन्हा मोजून घेतला. भरला 6,648 मीटर! विक्रम फॅनीचाच राहिला. ॲनी पेक बिचारी शिकवून, भाषणं करून पैसे जमवणारी, तिच्या अख्ख्या मोहिमेला एवढा खर्च आला नव्हता. दोघीही बायकांच्या मताधिकाराच्या कट्टर पुरस्कर्त्या, पण एकमेकींचं तोंड पाहणार नाहीत. बायकांची ही तऱ्हा नवी नाही.

1912 ची मोहीम सियाचिनवर. आज ते नाव ऐकलं की आपल्याला जवान आठवतात. तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. बर्फावरून चालताना तिच्या सोबतचा इटालियन माणूस चेनोझ भेगेत कोसळला आणि गेला. तिचा पाय तिथे पडायला काही पावलंच उरली होती. सगळ्यांनी परत फिरायला सांगितलं असतं तर नवल नव्हतं. ती पुढे गेली, नकाशा पुरा केला. 21,000 फुटांवर बर्फात उभी राहून तिने एक फोटो काढून घेतला. हातात बायकांना मत मागणारं वर्तमानपत्र उघडून धरलेलं, मथळा नीट दिसेल असं. तिच्या देशातल्या बायकांना तो हक्क देशभर मिळाला 1920 मध्ये, आठ वर्षांनी.

आता रेचेल. ती भूगर्भशास्त्र शिकली. आई ज्या दगडांवर चढायची त्यांचा लेकीने अभ्यास केला, म्हणा ना. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने 1919 मध्ये पहिल्यांदा बायकांना फेलो करून घेतलं, त्यांत ती होती. तिचा नवरा कोण, ठाऊक आहे? कानपूरची वुलन मिल नावारूपाला आणणारा अलेक्झांडर मॅकरॉबर्ट. त्या मिलचा माल म्हणजे आपल्या आजी-आजोबांची लाल इमली! आमच्या घरी ट्रंकेत ती एक धाबळी वर्षानुवर्षं डांबरगोळ्या घालून ठेवलेली असायची. नवरा 1922 मध्ये गेला. तीन मुलगे होते, तिघेही विमान चालवायचे. थोरला 1938 मध्ये अपघातात गेला, धाकटे दोघे 1941 मध्ये, महायुद्धात, महिन्याभराच्या अंतराने. रेचेलने 25,000 पौंड काढून दिले आणि मुलांच्या मागे लढायला एक बाँबफेकी विमान घेऊन द्यायला सांगितलं. आईकडून काय आलं आणि काय नाही, हे तिचं तिलाच माहीत.

फॅनीने हे पाहिलं नाही. 1917 पासून तिचं दुखणं सुरू होतं. 22 जानेवारी 1925 रोजी ती गेली, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कान गावी. मृत्युपत्रात तिने सव्वा लाख डॉलर चार कॉलेजांना ठेवले होते, चारही मुलींची. विल्यम तिच्यानंतर बरीच वर्षं जगला. वूस्टरला दोघांसाठी एकच दगड आहे.

हे कान गाव कुठे, म्हणून मी परवा नकाशा उघडला. मैत्रिणीच्या लेकीने जिथे सायकल टेकवून फोटो काढला, त्या नीसपासून ते समुद्रकाठाने तीसेक किलोमीटर. जालना ते राजूर असतं त्याहून थोडंच जास्त. तिला मेसेज करून सांगितलं. ती म्हणाली की आधी कळलं असतं तर एक दिवस वाढवला असता, नवऱ्याने तसंही सुट्टी आठवडाभराची घेतली होती. फोनवर मागून लेकराचा आवाज येत होता. ते सायकलची घंटी वाजवत होतं, थांबतच नव्हतं.